हनवटीला बांधलेलं फडकं

रेवदंड्याच्या कोळीवाड्यात सोनूबाईशी घासाघीस करायला कुणी धजत नसे. डोक्यावर सुक्या बोंबलांची पाटी घेऊन ती कोटाच्या दरवाजातून आत शिरायची, आणि तिच्या आधी तिचा आवाज बाजारात पोचलेला असायचा. गिऱ्हाइकानं बोंबील हातात घेऊन नाक मुरडलं, की ती म्हणायची, "वास येतोय व्हय? मग फुलं घे, माळनीकडं जा." बाजार हसायचा, गिऱ्हाईकही हसायचं आणि मुकाट्यानं पदर पसरायचं.

पण ही बाजारातली सोनूबाई. घरातली वेगळी होती. तिची दोन पोरं देवीच्या साथीत गेली होती, एकामागून एक, आणि उरली होती ती एकटी गोदू. दोन गमावून एक वाढवणाऱ्या आईला शांत झोप अशी लागतच नाही. गोदू शिंकली तरी सोनूबाई मीठमिरच्या ओवाळायची. पोरीच्या गळ्यात तिनं ताईत बांधले होते, कमरेला काळा दोरा होता. दर पौर्णिमेला दर्यात नारळ जायचा तो वेगळाच.

गोदूचा बाप भागोजी मुळात जाळी विणण्यात वाकबगार. पण एकदा पाकट माशानं त्याच्या उजव्या हाताला काटा मारला आणि त्याची बोटं कायमची आखडली. तेव्हापासून जाळ्याचं काम पोरीच्या अंगावर आलं. पायाच्या अंगठ्यात सूत अडकवायचं, लाकडी सुईनं गाठ घालायची आणि गाठ पक्की बसावी म्हणून सुताचं टोक दाढेखाली धरून मान मागं झटकायची. बापाची बोटं जे करीत, ते गोदू उजव्या दाढेनं करायची. आठव्या वर्षापासून ती हे करीत आली होती. कुणी पाहिलं तर कौतुक करायचं, "पोर न्हाय, पकड हाय." सोनूबाईलाही त्याचा अभिमान वाटे.

चौदाव्या वर्षी गोदूच्या कानाजवळ काही तरी वाजायला लागलं. जेवताना, बोलताना 'कट्' असा आवाज. सोनूबाईला आधी वाटलं, पोर फुटाणे खातेय. मग तिच्या ध्यानात आलं की गोदूची हनवटी तोंड उघडताना सरळ खाली येत नाही. आधी उजवीकडं सरकते आणि मग वाट सापडल्यासारखी खाली उतरते. "दुखतं का?" असं विचारलं तर गोदू हसायची. ती फार हसायची तेव्हा, अगदी पडजीभ दिसेपर्यंत.

एकोणीसशे एकोणतीस साली, पावसाळा संपून होड्या पाण्यात लोटायच्या दिवसांत ते झालं. सूत टिकावं म्हणून अंगणात ऐनाच्या सालीच्या काढ्यात जाळी भिजत पडली होती. गोदूनं हात ताणून मोठी जांभई दिली आणि तोंड तसंच राहिलं. ते मिटेचना. डोळे मोठे, गालावरून लाळ ओघळतेय, घशातून नुसता 'आ… आ…' असा आवाज. शेजारच्या बाया धावल्या आणि दोन पावलांवर थबकल्या. एकीनं पुटपुटत बोटं मोडली. "वारं शिरलं गो पोरीच्या अंगात."

सोनूबाईनं पुढचं ऐकलं नाही. तिनं पोरीवर गोधडी टाकली, डोक्यापासून पायापर्यंत झाकलं आणि आडवाटेनं तिला घेऊन गेली ती कोटातल्या इसहाक हकीमाकडं. कुणी विचारलं तर 'ताप हाय' म्हणाली. तिचं पहिलं झाकणं ते हेच.

इसहाक हकीम म्हातारा माणूस. मोडलेली हाडं बसवण्यात त्याचा हातखंडा होता आणि तोंड तिखट होतं. गोधडी बाजूला करून त्यानं गोदूच्या तोंडाकडं पाहिलं आणि म्हणाला, "पोरी, एवढी कसली गोष्ट सांगायची होती?" मग कोमट तिळाच्या तेलानं त्यानं दोन्ही कानांपुढची जागा चोळली, निरगुडीचा पाला वाफवून शेकली. आपल्या अंगठ्यांना फडकं गुंडाळलं, ते तिच्या मागच्या दाढांवर ठेवले, खाली दाबले आणि बोटांनी हनवटी वर उचलली. आवाज झाला आणि तोंड मिटलं. गोदू तिथंच ढसाढसा रडली.

"सोनूबाय," हकीम हात पुसत म्हणाला, "पोरीनं एका बाजूच्या दाढेवर जन्म काढलाय. सुकाणूची एक खिट्टी झिजली की होडी एकीकडं ओढते ना, तसं. सूत दातात धरायचं बंद. महिनाभर पेज. रोज तेल, रोज शेक, आणि शेकल्यावर हनवटीखालून डोक्यापर्यंत फडकं बांधून पडायचं. पन पुन्हा निसटंल. आज न्हाय तर वरसानं. बसवायला घडीभर लागतं, बसवनारं मानूस तेवढं जवळ पायजे. ये इकडं, अंगठे दे."

त्यानं सोनूबाईला शिकवलं. कुठं दाबायचं, किती दाबायचं, अंगठ्यांना फडकं का गुंडाळायचं. मग आवाज उतरवून म्हणाला, "आन एक ध्यानात ठेव. निसटलेला जबडा तसाच राहिला, तर आतलं मांस घट्ट होतं. मग माझा बाप आला तरी सरळ बसनार न्हाय. जिथं पोरगी जाईल तिथल्या मानसांना सांगून ठेव. लपवू नको."

सोनूबाईनं मान डोलावली. दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं, की सांगायचं नाही. वाड्यात कुजबुज सुरू झालीच होती. वासलेल्या तोंडाची पोर कोण करून घेणार? झाकली मूठ सव्वा लाखाची.

त्या दिवसापासून तिनं गोदूला नव्यानं वळण लावलं. जांभई आली की तळवा हनवटीखाली. हसायचं ते ओठ मिटून. मोठ्यानं हाक मारायची नाही, गायचं नाही, घास लहान घ्यायचा. गोदू विसरली की सोनूबाई नुसती तिच्याकडं बघायची. हळूहळू बघायचीही गरज उरली नाही. अंगणातला हसण्याचा आवाज गेला. जबडा तीनदा निसटला आणि तिन्ही वेळा दार लावून सोनूबाईनं तो बसवला. भागोजी एकदा म्हणाला, "पोर मुकी झाली गो." सोनूबाई म्हणाली, "शहानी झाली."

आणि याच शहाणपणावर एकतीस साली मुरूडजवळच्या एकदऱ्याचं स्थळ आलं. मुलाची आई आवडाबाई स्वतः पोर बघायला आली होती. ती उंच, सावळी, कमी बोलणारी बाई. तिचा नवरा आणि थोरला दीर एकाच तुफानात गेले होते आणि घरात कर्ती तीच. गोदूनं मान खाली घालून पाणी दिलं. आवडाबाईची धाकटी लेक रंगू काहीबाही गमती करत होती, गोदू ओठ दाबून हसत होती.

"बघ रंगे," आवडाबाई म्हणाली, "तोंड वर करून हसत न्हाय ती. याला वळन म्हनतात. न्हायतर तू, खिंकाळतेस."

सांगायची वेळ हीच होती. सोनूबाईनं पानाचं तबक पुढं सरकवलं.

लग्नात गोदूनं बाकी सगळं निभावलं. शेवटी विडा तोडायची वेळ आली. नवरीनं पानाचा विडा दातात धरायचा आणि नवऱ्यानं तो तोंडानं तोडायचा. बाया भोवती दाटल्या. आवडाबाईचा लेक धर्माजी लाजाळू पोरगा, पुढं झाला आणि त्यानं विडा घाईनं ओढला. गोदूच्या कानाजवळ 'कट्' वाजलं. गोदूनं हळूच तळवा हनवटीला लावला, जणू लाजतेय.

"काय वाजलं?" धर्माजीनं विचारलं.

"सुपारी," गोदू म्हणाली. बाया खो खो हसल्या.

पाठवणी करताना सोनूबाईनं लेकीच्या गाठोड्यात तेलाची बाटली घातली आणि धुतलेल्या पांढऱ्या धोतराची एक लांब पट्टी. "दुपारी घरात कुनी नसलं की शेक, तेल लाव, मग बांध. कुनाच्या नजरेला पडू देऊ नको." तिनं दुसऱ्या कुठल्या रंगाचं फडकं दिलं असतं तर? हा प्रश्न पुढं तिनं स्वतःला विचारला, आणि उत्तर तिला नको होतं.

नारळी पौर्णिमेनंतर एकदऱ्याच्या होड्या बाहेर पडल्या. धर्माजी चार-चार दिवस दर्यावर. एका दुपारी आवडाबाई मुरूडच्या बाजाराला गेली होती, ती काही तरी विसरून माघारी आली. माजघरात गोदू चटईवर उताणी पडली होती. डोळे मिटलेले, तेलानं चेहरा चकाकणारा, आणि हनवटीखालून डोक्यावर घट्ट बांधलेली पांढरी पट्टी. मेलेल्या माणसाचं तोंड उघडं राहू नये म्हणून जशी बांधतात, तशीच अगदी. आवडाबाईनं तसं फडकं आपल्या हातांनी नवऱ्याला बांधलं होतं, दर्यानं त्याला किनाऱ्यावर टाकल्यावर. आणि आज तिचा लेक दर्यावर होता.

ती ओरडली नाही. तिनं जवळ जाऊन गाठ सोडली, पट्टी चुलीत घातली आणि तेलाची बाटली दगडावर आपटली. गोदूनं सांगायला तोंड उघडलं, पण आईनं शिकवलेलं आड आलं. "डोकं दुखत होतं," ती म्हणाली.

"डोकं दुखलं तर कपाळ बांधतात," आवडाबाई म्हणाली. "हनवटी कोनाची बांधतात ते मना ठाऊक हाय."

धर्माजी त्या खेपेला सुखरूप आला, पण त्याचं जाळं फाटून आलं. त्यानंतर घरातलं वारं बदललं. जाळं फाटलं, गोदू. मासळी लागली नाही, गोदू. दिवाळीला सोनूबाईनं लेकीला आणायला भागोजीला मुराळी म्हणून धाडलं, त्याला आवडाबाईनं ओट्यावरूनच पाणी देऊन परत लावलं. तो घरी येऊन म्हणाला, "पोर दिसली दारातनं. काय बोलली न्हाय." सोनूबाईनं स्वतःची समजूत घातली की आपली गोदू मुळातच कमी बोलते. तेलाशिवाय, शेकाशिवाय दिवस जात होते, हे तिला माहीतच नव्हतं.

मार्गशीर्षात एकदऱ्याची एक होडी रेवदंड्याला लागली. तिच्यावरचा तुळशीराम खलाशी बाजारात सोनूबाईच्या पाटीपाशी आला, बोंबील उगाच उलटेपालटे करत राहिला.

"घ्यायचं तर घे, कुरवाळू नको," सोनूबाई म्हणाली.

"तुझ्या लेकीचं कळलं न्हाय तुना?" तो खालच्या आवाजात म्हणाला. "अमावास्येपासनं तोंड वासून बसलीय. मिटत न्हाय. मोरू भगताला बसवलाय घरात."

चंद्रकोर तोवर बरीच भरली होती. पाटी तिथंच टाकून सोनूबाई धक्क्याकडं निघाली. तरीच्या होडीतून खाडीपलीकडं साळावला उतरली आणि किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत सुटली, कोरलई, बोर्ली, नांदगाव. वाटेत ओळखीच्या एका बाईनं हाक मारली, तिलाही ती थांबली नाही. तिच्या डोक्यात हकीमाचे दोन शब्द होते, 'घट्ट होतं'.

आवडाबाईच्या ओट्यावर माणसं बसली होती. आतून मिरच्यांचा धूर येत होता. आवडाबाई दारातच उभी राहिली. सोनूबाईला बघून तिला नवल वाटलं नाही, आणि तेच भयंकर होतं.

"आलीस? भगतानं कालच सांगितलं. म्हनाला, जिनं हे पाठवलंय ती आपल्या पायांनी येईल."

"मना आत जाऊ दे, विहीनबाय."

"काय पाठवलंस ते आधी सांग."

आत खांबाला टेकून गोदू बसली होती. सुजलेला चेहरा, कपाळाला राख, ओठांना चिरा. तोंड उघडं ते उघडंच. आईला बघून तिनं दोन्ही हात वर केले. दोन्ही अंगठे ताठ करून ती ते आपल्या तोंडाकडं नेत होती, खाली दाबल्यासारखं करत होती, पुन्हा पुन्हा.

"बघा," मोरू भगत ओट्यावरच्यांना म्हणाला, "पुन्हा तोच इशारा. गळा दाबा म्हनतंय. मी म्हनलं न्हवतं?"

इतके दिवस पोर सगळ्यांना उपाय दाखवत होती. स्वतः प्रयत्न करून तिची बोटं दातांवर सोलून निघाली होती. सांगायला जीभ नव्हती आणि खूण वाचणारं त्या घरात कुणी नव्हतं. ती एकाच माणसाला वाचता येत होती, तिच्या आईला.

सोनूबाईनं मागं वळून ओट्यावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बाजारातल्या आवाजात सांगितलं, "भूत न्हाय, वारं न्हाय. पोरीचा जबडा निखळतो. पंधराव्या वरसापासनं. फडकं हकीमानं सांगितलेलं. अंगठे लावून बसवायचा असतो, तेच दाखवतेय ती."

रंगूनं तोंडावर हात ठेवला.

"म्हंजे लग्नाच्या आधीपासनं," आवडाबाई म्हणाली.

"व्हय."

"मी तुझ्या दारात आले, पानी प्याले, तवा ठाऊक होतं तुना."

"व्हय."

"मी माझ्या सुनंला धूर दिला," आवडाबाई सावकाश म्हणाली, "तो तुझ्यापायी दिला." आणि ती बाजूला झाली.

सोनूबाईनं अंगठ्यांना पदर गुंडाळला, दाढांवर ठेवले, दाबले. गोदूच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. काही हललं नाही. पुन्हा दाबलं. जिथं पूर्वी लोण्यासारखं सरकायचं, तिथं आता लाकूड होतं. तिसऱ्यांदा दाबताना गोदूनंच तिचे हात धरले आणि बाजूला केले.

धर्माजी मागच्या दारातून आला होता. त्यानं हे बघितलं, आईकडं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "भरतीला होडी काढतो. रेवदंड्याला." आवडाबाईनं अडवलं नाही. मात्र ती स्वतः होडीत येऊन बसली, आणि रंगूही.

इसहाक हकीमानं या वेळी थट्टा केली नाही. त्यानं गोदूला आपल्या पडवीत ठेवून घेतलं. दिवसातून कितीदा तरी शेक, तेल, नाकात औषधी तुपाचे थेंब, वेदना थांबाव्यात म्हणून अफूचा कण. जबडा मऊ पडेपर्यंत त्यानं घाई केली नाही. मग एका सकाळी धर्माजीला तिचं डोकं घट्ट धरायला लावलं आणि अंगठे ठेवले. डावी बाजू बसली. उजवी अर्धी बसली आणि तिथंच अडली. तोंड मिटलं, पण हनवटी उजवीकडं कललेली राहिली, आणि उघडताना दोन बोटांपलीकडं उघडेना.

"एवढंच," हकीम म्हणाला. "आता तर जास्तच सहज निसटंल. निसटलं की त्याच दिवशी बसवायचं. त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसावर टाकलं तर मना बोलावू नका." मग सोनूबाईकडं न बघता, "मी सांगितलं होतं तुना."

सोनूबाईला वाटलं होतं की आता पोर आपल्याकडंच राहील. तिनं अंथरूणही घालून ठेवलं होतं. पण गोदूनं, वाकड्या तोंडातून शब्द एकेक करून काढत, सांगितलं, "मी यांच्यासंगं जातेय."

"त्या घरात? धूर दिला तुना त्यांनी."

"त्यांना ठाऊक न्हवतं. आता ठाऊक झालंय. तिथं मी बोलेन, आये. हितं तू पुन्हा झाकशील."

सोनूबाईनं फक्त एक अट घातली, घरात कुणी तरी शिकून घ्यायचं. धर्माजी दर्यावर असणार. तिनं आवडाबाईकडं पाहिलं.

"मी तिला जेवाय घालीन, नेसाय देईन," आवडाबाई म्हणाली. "त्या तोंडात मी हात घालनार न्हाय."

मग रंगू पुढं आली. खिंकाळणारी रंगू आज गंभीर होती. हकीमानं तिच्या अंगठ्यांना फडकं गुंडाळून दिलं, सोनूबाईनं तिची बोटं धरून जागा दाखवली, किती दाबायचं, कधी उचलायचं. पोरीचे हात बळकट होते, आणि ती पटकन शिकली. "वैनी, चावलीस तर बघ," ती म्हणाली, आणि गोदू एका बाजूनं हसली. कितीतरी दिवसांनी सोनूबाईच्या जिवात जीव आला.

भरती लागली तशी होडी निघाली. आवडाबाई पुढं तोंड करून बसली होती, गोदू मध्ये, धर्माजी शिडाशी. रंगू मागच्या टोकाला उभी राहून हात हलवत होती.

"मावशे," ती ओरडली, "माज्या लग्नाला यायचं हां. शिमग्यानंतर हाय. लांब देतायत मना, पार श्रीवर्धनाकडं."

"येते गो, येते," सोनूबाई काठावरून म्हणाली, हसून, हात वर करून.

होडी खाडीच्या तोंडाशी गेली, शीड फुगलं. सोनूबाईचा हात तसाच वर राहिला. शिमग्यानंतर, धर्माजी दर्यावर गेला की, त्या घरात आवडाबाई असणार होती आणि गोदू. तिसरं कुणी नाही.